चार वह्या, एकच गाय : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, उत्तराला आठवडा लागला. मध्ये घटक चाचणी होती. शिवाय तुमची प्रतिक्रिया वाचून आधी रागच आला होता, आणि रागात लिहिलेलं मी सहसा दुसऱ्या दिवशी खोडते.

मागच्या लेखात मी आमच्या चौथीच्या वर्गात वाक्यांचा साचा देऊन करून घेतलेल्या इंग्रजी लेखनाबद्दल लिहिलं होतं, सोबत चार वह्यांचे फोटो टाकले होते. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. चारही वह्यांत एकच गाय आहे. तिला चार पाय, दोन शिंगं, ती दूध देते आणि ती चौघांनाही आवडते. हे लेखन नव्हे, हा कित्ता गिरवणं झालं. मुलांना मोकळं लिहू द्या, चुकू द्या. व्याकरण न घोकता इंग्रजी शिकवून पाहणाऱ्या बंगलोर प्रकल्पाचा दाखलाही तुम्ही दिलात. आणि शेवटी विचारलंत, की मराठी धड लिहिता येत नसताना इंग्रजीची ही घाई कशाला?

शेवटच्या प्रश्नाचं आधी उरकते. २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. मी स्वतः पाचवीतच एबीसीडी गिरवली. तो निर्णय बरा की वाईट यावर भांडायला मला आवडेल, पण चौथीतली मुलं समोर बसलेली असताना नाही. मराठी कच्चं असलेल्यांचं मराठी मी रोज घेतेच.

आता मोकळ्या लेखनाबद्दल. ते मी करून पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी ‘माझं घर’ असा विषय दिला, कोरं पान दिलं आणि गप्प बसले. बऱ्याच जणांनी नाव आणि तारीख लिहिली. एकानं भिंतीवरचा सुविचार उतरवला. एका हुशार मुलीनं मात्र खरंच लिहिलं : ‘मी टू ब्रदर आर.’ या एका वाक्यावर मी किती वेळ बसले होते! ‘मला दोन भाऊ आहेत’, शब्दाला शब्द. आपल्याकडे ‘हॅव’ नाहीच. आपल्याला भाऊ ‘असतात’, पेन आपल्या ‘कडे’ असतं, घराला दोन खोल्या असतात. हे सगळं इंग्रजीत एकाच क्रियापदावर चालतं, हे तिनं चुकत चुकत स्वतः शोधावं म्हणता. पण चुकलं हे तिला कळणार कसं? ज्या मुलाच्या घरात इंग्रजी बोलतात त्याच्या कानात वाक्य आधी वाजतं, मग ते कागदावर उतरतं. आमच्या मुलांच्या कानात इंग्रजी तासिकेपुरतंच असतं. कोऱ्या पानावर ती मोकळी होत नाहीत, भेदरतात.

आणखी एक गोष्ट सांगते, जी मला बीएडला कोणी शिकवली नव्हती. सुरुवातीला आमची मुलं इंग्रजी वाक्य सलग लिहितात, सगळे शब्द एकमेकांना चिकटवून. मला वाटायचं निष्काळजीपणा आहे. मग एकदा एकानंच विचारलं, ‘मॅडम, ह्याला वरची रेघ नाही, मग शब्द संपला हे कसं कळायचं?’ बरोबर आहे की! मराठीत शिरोरेघ तुटली की शब्द संपला. इंग्रजीत रेघच नाही, म्हणून मोकळी जागा मुद्दाम सोडावी लागते. तेव्हापासून आम्ही प्रत्येक शब्दानंतर डाव्या हाताचं बोट टेकवून पुढचा शब्द लिहितो. तीच गत मोठ्या अक्षरांची. मराठीत वाक्याच्या सुरुवातीला ‘अ’ काही मोठा होत नाही. म्हणजे नऊ वर्षांच्या पोरानं एका ओळीत जागा सोडायची, पहिलं अक्षर मोठं काढायचं, स्पेलिंग आठवायचं, क्रियापद मध्ये आणायचं आणि वर काहीतरी सुचवायचंही. यातलं थोडं ओझं आपण उचललं तर बिघडलं काय?

साचा म्हणजे तेवढंच. फळ्यावर तीन रकाने : डावीकडे कोण, मधे क्रियापद, उजवीकडे शब्द. मूल प्रत्येक रकान्यातला एकेक उचलून वाक्य जुळवतं. ही काही माझी युक्ती नाही, हॅरॉल्ड पामर या ब्रिटिश भाषातज्ज्ञानं असे तक्ते १९१६ मध्येच छापले होते. आमच्या वर्गात साच्याआधी दहा मिनिटं नुसत्या गप्पा असतात, मराठी-इंग्रजी मिसळून. मुलांनी मागितलेले शब्द फळ्याच्या कोपऱ्यात जातात. तोंडातून एकदा गेलेलं वाक्यच मी लिहायला सांगते.

बंगलोर प्रकल्पाचं नाव काढलंत याचा मला आनंद झाला, कारण तो दाखला माझ्याच बाजूनं जातो असं मला वाटतं. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या शाळांत व्याकरणाची घोकंपट्टी टाळली, हे खरं. पण त्यांचा तास बघा. रेल्वेचं वेळापत्रक किंवा नकाशा घेऊन आधी एक कोडं शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर, प्रश्न विचारत विचारत सोडवायचे. मग तशाच धर्तीचं दुसरं मुलांना एकट्यानं सोडवायला मिळायचं. आधार तिथेही होता, फक्त तो वाक्याच्या साच्याचा नव्हता.

असो. आता तुमचं जे बरोबर आहे त्याकडे येते.

तुम्ही लिहिलंत, ‘या चौघांच्याही घरी गाय आहे का?’ मी दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं. एकाकडेच होती. दोघांकडे शेळ्या, आणि चौथ्या मुलीच्या घरी काहीच नाही. तिनं शेजाऱ्यांच्या गायीवर प्रेम असल्याचं लिहून टाकलं होतं. मी ओशाळले. फोटोंसाठी मी सगळ्यात स्वच्छ वह्या निवडल्या होत्या हेही कबूल करते. खाडाखोडीच्या वह्या मागेच ठेवल्या, आणि नेमकं त्यांतच काहीतरी वेगळं होतं.

चूक साच्याची नव्हती, तो मी काढला नाही ही चूक होती. स्लॅब टाकताना खालून आधाराचं सेंट्रिंग लावतात, ते कायमचं ठेवायला नाही. लवकर काढलं तर स्लॅब खाली येतो, आणि काढलंच नाही तर त्या खोलीत राहता येत नाही. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली, शिकणाऱ्या मुलाला दिलेल्या मदतीसाठी, याच अर्थाची उपमा वापरली. त्यांच्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांची ३० मुलं होती, २१ लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायचा होता. शिकवणारी व्यक्ती मुलाला जमेल ते त्यालाच करू द्यायची, अडलं तरच हात पुढे करायची. मी जूनमध्ये लावलेलं सेंट्रिंग नोव्हेंबरातही तसंच ठेवलं होतं, कारण त्यामुळे वह्या छान दिसतात आणि तपासणीला आलेले साहेब खूश होतात.

म्हणून या आठवड्यात उजवा रकाना पुसला. प्राणी आपापला, आणि शेवटची ओळ साच्याबाहेरची हवी, एवढाच नियम. तपासताना फक्त मोठं अक्षर आणि पूर्णविराम बघायचा, बाकी लाल पेन बंद.

शेळीवाल्या दोघांपैकी एकाची वही समोर आहे. ‘माय गोट इज ब्राउन. शी हॅज वन हॉर्न.’ साच्यात ‘टू’ होतं. विचारलं तर म्हणाला, ‘दुसरं खुंट्याला अडकून मोडलं.’ पुढे : ‘शी ईट माय नोटबुक.’ पुराव्यादाखल त्यानं कोपरा खाल्लेली वहीच उघडून दाखवली. ‘ईट’ला ‘एस’ हवा होता, पण ठरल्याप्रमाणे मी तो लावला नाही. (हात शिवशिवत होता, खोटं कशाला बोलू.)

शेवटच्या ओळीसाठी त्याला ‘हट्टी’ला इंग्रजी शब्द हवा होता. मी ‘स्टबर्न’ फळ्यावर लिहिला. त्यानं एकेक अक्षर बघून उतरवला, बोट टेकवलं, पूर्णविराम दिला. मग मान वर करून म्हणाला, ‘मॅडम, हा शब्द माणसाला पण चालतो का? आज्जीवर पण लिहायचंय.’