मास्क कुकरमध्ये उकळला होता ताई, तेवढं पण लिहा

नमस्कार ताई. तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. आमच्या शिवणकामाच्या दुकानाच्या रिव्ह्यूत तुम्ही लिहिलंय, "व्हायरस मारणारा म्हणून ९० रुपयांना मास्क गळ्यात मारला, दोन धुण्यांत वास यायला लागला, इलॅस्टिक लोंबलं, सरळसरळ फसवणूक." एक स्टार दिलात, ठीक आहे. पण फसवणूक हा शब्द वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून लिहितेय.

मास्क परत करायला आलात तेव्हा काउंटरवर तुम्हीच बोललात की रोज कुकरला लावून तीन शिट्ट्या काढते, वर चमचाभर सोडा. मशीनवरच्या दोघींनी पण ऐकलं. रिव्ह्यूत मात्र कुकरचं नाव नाही! पाकिटातल्या चिठ्ठीवर मराठीत छापलंय, गार पाणी, साधा साबण, सोडा-ब्लीच नको. एप्रिल २०२० मध्ये सरकारनं घरगुती मास्कचं पत्रक काढलं त्यात कुकरमध्ये उकळा असं होतं, मान्य, पण ते घरी शिवलेल्या साध्या सुती मास्कचं. आमच्या वरच्या कापडाला चांदीचं फिनिश, म्हणजे पातळ लेप, आहे, ते सोड्यात शिजवल्यावर फिनिश काय राहणार आणि इलॅस्टिक तरी काय करणार? पैठणी आपण कुकरला लावतो का?

राहिला दुकानावरचा बोर्ड. "व्हायरस मारणारा मास्क" असं लिहायला नको होतं, ती आमची चूक. कापडवाल्याच्या पॅम्प्लेटवरून भाच्यानं जसंच्या तसं उतरवलं आणि मी पण नीट वाचलं नाही. चांदीमुळे कापडावर बसलेले जंतू कमी होतात, वास लवकर धरत नाही, पण त्यालाही वेळ लागतो. श्वासातला थेंब क्षणात आरपार जातो, तो अडवायचा तर घट्ट वीण, तीन थर आणि गालाला कुठे फट नको, एवढंच कामाचं. थर आमचे तीनच आहेत, आत सुती, मध्ये नॉनवोव्हन म्हणजे न विणलेलं कापड, बाहेर पॉलिस्टर, डब्ल्यूएचओनं (जागतिक आरोग्य संघटनेनं) जून २०२० मध्ये सांगितलं तसेच. पण इलॅस्टिक लोंबलं की फट पडणार आणि मग थर असून नसून सारखेच, म्हणून तर कुकरचं एवढं लावून धरलंय.

यंदा, २०२० ला, कोरोनामुळे लग्नसराई अख्खी गेली, ब्लाउज नाहीत, फॉल-पिको नाही, दोघींचा पगार या मास्कवरच निघतोय. तुमच्या ब्लाउजचं माप अजून आमच्या वहीत आहे ताई, आधी एक फोन केला असता तरी चाललं असतं.

बोर्ड काल उतरवला. चिठ्ठीवरची अक्षरं पण मोठी करतो, बाकी काय जमतं ते बघतो. तो मास्क घेऊन या, इलॅस्टिक नवीन घालून देते, त्याचे पैसे नको. फक्त उकळून आणू नका.