‘होल्डिंग तर प्रत्येक प्लेमध्ये होते’ : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, हंगाम सुरू झाला की एक दावा समाजमाध्यमांवर पुन्हा फिरू लागतो. तो असा : आक्रमक संघाचे लाइनमन (बचावपटूंना रोखणारे आघाडीच्या रांगेतील खेळाडू) प्रत्येक प्लेमध्ये, म्हणजे खेळाच्या प्रत्येक चालीत, समोरच्याला धरून ठेवतात, म्हणजेच ‘होल्डिंग’ करतात, पंचांना ते दिसते, पण गुन्ह्याची खूण असलेला पिवळा फ्लॅग ते सोयीनुसार टाकतात, म्हणून हा निर्णय व्हिडिओवर सोपवावा, किंवा दंड 10 यार्डांवरून 5 यार्डांवर आणावा, म्हणजे पंच तो मोकळेपणाने देतील. यामागची चीड समजण्यासारखी आहे, कारण अशा एका निर्णयाने टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण, रद्द होते. तरीही या दाव्यातील बहुतेक विधाने चुकीची आहेत, आणि निदान चुकल्यामुळे जी सुधारणा खरोखर शक्य आहे तिची चर्चाच होत नाही.

प्रथम मूळ विधान घेऊ. नियम धरण्याला बंदी घालत नाही. बचावपटूच्या अंगाच्या चौकटीच्या आत, म्हणजे छातीवर, हात ठेवून त्याला रोखणे वैध आहे. त्याची हालचाल ठळकपणे अडली किंवा त्याचा मार्ग बदलला, तरच गुन्हा घडतो. त्यामुळे पंचांना पकड मोजायची नसते, पकडीचा परिणाम पाहायचा असतो : बचावपटू खाली ओढला गेला का, बाजूने निसटताना त्याचा खांदा मागे खेचला गेला का, काखेत हात अडकवून त्याला वळवले गेले का. शिवाय नियमातच अपवाद आहेत. बचावपटू ‘रिप’ करतो, म्हणजे आपला हात समोरच्याच्या काखेखालून वर उचलून पुढे घुसतो, तेव्हा लाइनमनचा हात आपोआप त्याच्या मानेभोवती येतो. टी. जे. वॉट किंवा मायल्स गॅरेट या नामवंत बचावपटूंच्या अशा क्षणांची थांबवलेली छायाचित्रे पुरावा म्हणून पाठवली जातात; पण बचावपटूचे पाय जमिनीवरून उखडले जात नाहीत तोवर ती स्थिती सर्वसाधारणपणे गुन्हा ठरत नाही. थांबवलेल्या चित्रात पकड दिसते, अडवणूक दिसत नाही; आणि नियम अडवणुकीचा आहे. चेंडू पलीकडच्या बाजूला गेला असताना झालेली किंवा पास सुटल्यानंतर झालेली पकडही बहुधा सोडून दिली जाते, कारण तिने खेळावर काहीच परिणाम झालेला नसतो.

दुसरे विधान पंचांच्या हेतूबद्दलचे आहे, आणि त्यासाठी 2019 चा दाखला दिला जातो. त्या हंगामाच्या आरंभी लीगने धावण्याच्या प्लेमध्ये धावेच्या विरुद्ध बाजूला होणाऱ्या होल्डिंगवर विशेष लक्ष देण्याची सूचना केली, आणि फ्लॅग एकदम वाढले. सप्टेंबरमध्ये टेनेसी आणि जॅक्सनविल यांचा सामना पाहताना खुद्द टॉम ब्रेडी या नामवंत क्वार्टरबॅकने (पास फेकणाऱ्या खेळाडूने) दंडांच्या संख्येबद्दल जाहीर तक्रार केली. लीगने पंचांशी बोलून निकष सैल केला आणि संख्या उतरली. 2020 मध्ये ती आणखी बरीच खाली आली. यावरून एवढेच सिद्ध होते की पंच वरून आलेली सूचना पाळतात. एखाद्या संघाला झुकते माप मिळाले असे यातून निघत नाही, कारण सैल झालेला निकष सर्वच संघांना लागू झाला. दोष असलाच तर तो हंगामाच्या मध्यात आणि बंद दाराआड रेषा सरकवण्याचा आहे. तो दोष खरा आहे आणि माझ्या मते गंभीर आहे.

व्हिडिओचा उपाय तर करून पाहिलेला आहे. जानेवारी 2019 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्स आणि न्यू ऑर्लीन्स सेंट्स यांच्या एनएफसी (लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामन्यात पास इंटरफिअरन्सचा, म्हणजे पास झेलू पाहणाऱ्याला नियमबाह्य अडवण्याचा, एक उघड गुन्हा सुटला, आणि पुढच्या हंगामासाठी लीगने त्या गुन्ह्याचा व्हिडिओ-फेरविचार सुरू केला. अन्याय ढळढळीत होता, हेतू चांगला होता. पण मंदगतीत पाहिला की कोणताही स्पर्श गुन्ह्यासारखा भासतो. किती स्पर्श ‘स्पष्ट’ मानायचा याचे उत्तर आठवड्यागणिक बदलत राहिले, प्रशिक्षक वैतागले आणि एका वर्षात प्रयोग गुंडाळला गेला. पास इंटरफिअरन्समध्ये बहुधा दोनच खेळाडू, मोकळ्या मैदानात असतात. होल्डिंग पाच लाइनमनांच्या गर्दीत घडते आणि तेथे स्पर्श हाच खेळ आहे. जो उपाय सोप्या जागी फसला, तो अवघड जागी चालेल असे मानण्याला आधार नाही. चेंडू जमिनीला लागला का, पाय रेषेबाहेर पडला का, असे प्रश्न कॅमेऱ्याने जरूर सोडवावेत. अडवणूक किती झाली हा प्रश्न त्या जातीचा नाही.

दंड निम्मा करण्याची सूचना मला सर्वांत घातक वाटते. 1974 मध्ये हा दंड 15 यार्डांवरून 10 वर आणला गेला, हे बहुधा विसरले जाते. सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला गेला, तर संघ साधारण सहा-सात यार्ड गमावतो आणि डाउनही, म्हणजे पुढे सरकण्यासाठी मिळणाऱ्या चार संधींपैकी एक, गमावतो. होल्डिंगमध्ये 10 यार्ड जातात, पण डाउन पुन्हा खेळायला मिळतो. म्हणजे हरलेल्या लाइनमनने समोरच्याला धरणे आणि क्वार्टरबॅकला पडू देणे, यांत आजच फारसे अंतर नाही. दंड 5 यार्ड केला, तर धरणे उघड फायद्याचे ठरेल.

मग सुधारणा कुठे करायची? पाहण्याच्या जागेत. 2010 पर्यंत अंपायर, म्हणजे लाइनवर नजर ठेवणारा पंच, बचावफळीच्या मागे उभा राहत असे. तेथे तो वारंवार आडवा पडत असे आणि जखमीही होत असे, म्हणून लीगने त्याला आक्रमक संघाच्या मागे, मुख्य पंचाच्या बरोबरीने नेले. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण त्यामुळे त्याला आता लाइनमनांच्या पाठी दिसतात, आणि छातीजवळची पकड बचावपटूचा खांदा वळल्यावर किंवा जर्सी ताणली गेल्यावरच लक्षात येते. एनएफएलच्या मैदानावर 1978 पासून सात पंच आहेत, आणि त्याच वर्षी लाइनमनांना पास-ब्लॉकमध्ये हात लांबवून पंजे उघडण्याची मुभा मिळाली. म्हणजे हातांचे काम वाढले, त्यांवर नजर ठेवणारे मात्र तेवढेच राहिले. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या मोठ्या परिषदांनी, म्हणजे संघांच्या गटांनी, आठवा पंच नेमला आहे. तेथे अंपायर बचावाच्या बाजूलाच राहतो आणि ‘सेंटर जज’ क्वार्टरबॅकच्या मागे असतो, त्यामुळे लाइन दोन्ही बाजूंनी पाहिली जाते. अब्जावधी डॉलर कमावणाऱ्या लीगला हे परवडणार नाही असे कोणीही म्हणू शकत नाही.

याच्या जोडीला निकष उघड व्हायला हवेत. प्रत्येक सामन्यानंतर पंचांच्या निर्णयांना गुण दिले जातात आणि त्यांच्या आधारे प्लेऑफच्या (हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या) नेमणुका होतात, परंतु ते गुण प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाहीत. एनबीए ही बास्केटबॉल लीग 2015 पासून अटीतटीच्या सामन्यांतील शेवटच्या दोन मिनिटांच्या निर्णयांचा अहवाल, सुटलेल्या चुकांसह, प्रसिद्ध करते. एनएफएलनेही होल्डिंगपुरता तसा साप्ताहिक अहवाल द्यावा. आणि हंगामाच्या मध्यात निकष बदललाच, तर तो कोणत्या तारखेपासून आणि नेमक्या कोणत्या कृतीपुरता बदलला, हे संघांना कळेल त्याच दिवशी प्रेक्षकांनाही कळले पाहिजे.