इंजिन चुकलं म्हणजे गाव चुकलं

टीव्हीवर रेल्वे प्रवासाची एखादी मालिका लागली की सांगली-मिरजेतली माझी रेल्वेवेडी मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळी तापलेली असतात. कारण दरवेळी साधारण तेच. निवेदक म्हणतो आता आपण साताऱ्याकडं निघालोय, आणि पडद्यावर तीन रूळ, वर विजेच्या तारा, खाली खोल दरी, म्हणजे हा सरळसरळ कर्जत-लोणावळ्याचा बोरघाट. नाहीतर गाडी फलाटावरून सुटताना एका रंगाची, पुलावर दुसऱ्या रंगाची आणि आतला डबा तिसऱ्याच गाडीचा. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, अरे कार्यक्रम बघा की निवांत, इंजिन कुठलं का असेना, तुम्हाला काय करायचंय? माझा मिरजेतला आत्तेभाऊ यावर इतका चिडतो की ताट बाजूला सारून मला फोन लावतो, तिकडं तुमच्याकडं पण असंच चालतं का गं ताई म्हणून.

मी मिरजेची, आता बरीच वर्षं इंग्लंडात लीड्सला आहे. इकडच्या मालिका बघते, तिकडच्यांवरची भांडणं ऐकते, आणि या भांडणात मी पूर्णपणे चुका काढणाऱ्यांच्या बाजूनं आहे.

कारण आमच्या लाईनवर चुकीचं इंजिन, चुकीचा घाट दाखवला म्हणजे नुसता तांत्रिक तपशील चुकत नाही, गावच चुकतं. पुणे-मिरज लाईन म्हणजे साधारण २८० किलोमीटर, आणि आमच्या पिढीनं ती बघितली ती एकेरी, बिनतारांची, डिझेलवर चालणारी. एकेरी रूळ म्हणजे क्रॉसिंग, समोरच्या गाडीला वाट द्यायला थांबणं. आदर्कीला नाहीतर सालप्याला गाडी उभी, समोरून कोण येतंय कुणाला पत्ता नाही, लोक खाली उतरून रुळाकडेच्या खडीवर उभे, कुणी डबा सोडलाय, कुणी पोराला डोंगर दाखवतंय, आणि मग लांबून हॉर्न ऐकू आला की सगळे पुन्हा चढणार. मुंबईहून कोल्हापूरला कोयना एक्सप्रेसनं दिवसभर बसून गेलेल्या कुणालाही विचारा, प्रवासातलं काय आठवतं, तर हे थांबणंच आठवतं. नीरा, लोणंद, वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कऱ्हाड, ही नावं पाठ झाली ती गाडी तिथं थांबायची म्हणून. त्याजागी तीन रुळांवरून झूम करून जाणारी गाडी दाखवलीत की ते थांबणं गेलं, त्या थांबण्यातली माणसं गेली, आणि उरलं काय तर हिरवे डोंगर, जे कुठलेही असू शकतात. आता तारा आल्यात, दुहेरीकरणही होत आलंय, उद्याच्या पोरांना क्रॉसिंग ही भानगडच कळणार नाही. म्हणून तर जुनं दाखवायचं तर नीट दाखवा ना.

आत्तेभावाच्या प्रश्नाचं उत्तर हे, की इकडंही अगदी असंच चालतं. बीबीसीवर २०१० पासून मायकल पोर्टिलोची ग्रेट ब्रिटिश रेल्वे जर्नीज चालू आहे, भडक रंगाचा कोट घालून हातात ब्रॅडशॉचं जुनं रेल्वे गाईड घेऊन हा माणूस गावोगाव उतरतो, तिथल्या गिरणीत जातो, बेकरीत पीठ मळतो, माणसांशी गप्पा मारतो. लोकांना ती फार आवडते, मलाही आवडते. पण माझ्या ऑफिसातले रेल्वेवाले लोक कुठलीही अशी मालिका बघताना हातात पेन घेऊनच बसतात की काय असं वाटतं, हा डबा त्या मार्गावर धावतच नाही, ही पाटी उलट्या दिशेच्या फलाटावरची आहे, वगैरे वगैरे. फरक एवढाच की त्यांना कुणी गप्प बस म्हणत नाही. ऐकणारा म्हणतो, असं का, मग खरी कुठली गाडी? आणि पुढचा अर्धा तास ते गृहस्थ मनापासून सांगत असतात.

हा फरक लहान नाही. याच पोर्टिलोचं उदाहरण घ्या. टीव्हीवर यायच्या आधी तो मार्गारेट थॅचरच्या सरकारात वाहतूक खात्याचा राज्यमंत्री होता. लीड्सहून वर जाणारी सेटल ते कार्लाइल ही १८७६ साली प्रवाशांसाठी सुरू झालेली डोंगरातली लाईन तेव्हा बंद करायचं घाटत होतं, मुख्य कारण दिलं होतं रिबलहेडचा २४ कमानींचा पूल, दुरुस्ती परवडत नाही म्हणून. तर इथल्या रेल्वेवेड्यांनी काय केलं, फक्त हळहळ व्यक्त करत बसले नाहीत, त्यांनी खर्चाचे आकडे खोदून काढले, गाड्यांतली माणसं मोजली, हजारो लोकांकडून लेखी हरकती नोंदवून घेतल्या, त्यात रस्वार्प नावाच्या एका कुत्र्याच्या पंजाचा ठसासुद्धा होता आणि तोही हरकत म्हणून धरला गेला, कारण तो मालकाबरोबर नेहमी त्या गाडीनं प्रवास करायचा. प्रत्यक्ष दुरुस्ती करून बघितली तर खर्च सांगत होते त्यापेक्षा कमी निघाला. १९८९ साली लाईन वाचली, आणि तो निर्णय पोर्टिलोच्या खात्याचा. राजकारणातलं सगळ्यात मोठं काम म्हणून आजही तो हेच सांगतो. तपशिलावर अडून बसणाऱ्या माणसांनी एक जिवंत लाईन वाचवली, मी स्वतः त्या पुलावरून गेलेय, खाली वारा असा की उभं राहवत नाही.

आपल्याकडं असाच एखादा रेल्वेवेडा पोरगा कऱ्हाडच्या फलाटाच्या टोकाला कॅमेरा घेऊन उभा राहिला की आधी कुणीतरी येऊन हटकणार, कशाला फोटो काढतोस, परवानगी आहे का. घरी बाप म्हणणार, अभ्यास सोडून इंजिनांचे नंबर लिहितोय. इकडं यॉर्कच्या फलाटावर सत्तरीतले आजोबा आणि दहा वर्षांची नात शेजारी शेजारी वही घेऊन बसलेले असतात, आणि छंदवाल्यांनी फलाटावर कसं वागायचं याच्या सूचनासुद्धा इथले रूळ सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलनं लिहून ठेवल्यात, पिवळ्या रेषेच्या मागं उभे राहा, फ्लॅश वापरू नका. म्हणजे तुम्ही येणार हे धरलेलंच आहे. आपल्या पोरांना हे मिळायला पाहिजे असं मला फार वाटतं.

पण इकडचं सगळं सोन्याचं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. याच देशानं तोट्यातल्या लाईन बंद करा म्हणणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैल लाईन उखडून टाकली, गावंच्या गावं रेल्वेपासून तोडली, आणि आता त्यातल्याच काही तुकड्यांवर रविवारी वाफेची इंजिनं चालवून चहा-केक खातात. मालिकाही बहुतेक त्याच गोड बाजूनं जातात. सोमवारी सकाळी लीड्सहून मँचेस्टरला उभ्यानं जाणारा माणूस, तिकिटाला गेलेले पैसे आणि गाडी रद्द झाल्याची घोषणा, हे त्या मालिकेत कशाला येईल. आपल्याकडं गाडी अजून सगळ्यांची आहे, पंढरीला जाणारी म्हातारी, भाजीची पाटी घेऊन चढणारी बाई, पुण्याला परीक्षेला निघालेली पोरं, सगळी एकाच डब्यात. हे इकडच्या कुठल्याही जपून ठेवलेल्या लाईनवर मला बघायला मिळालं नाही.

म्हणूनच गावातले काही लोक म्हणतात ना, आम्हाला गाडी पाहिजे, आठवणी काय करायच्यात, तर त्यांचंही मला पटतं. बार्शी लाईट ही आमच्याकडची जुनी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची लाईन बंद होऊन तिथं ब्रॉडगेज झालं हे चांगलंच झालं. आरग, कवठेमहांकाळ, सांगोल्याच्या माणसाला त्या नॅरोगेजच्या गाडीत ताटकळत बसवायचा हक्क कुणालाच नाही, मला इकडं बसून तर अजिबात नाही. पण लाईन बदलणं वेगळं आणि ती विसरणं वेगळं.

आणि बार्शी लाईट ही काही साधीसुधी लाईन नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरचं म्हणणं होतं की अडीच फुटी लाईनसुद्धा मोठ्या लाईनसारखा भरपूर माल ओढू शकते, फक्त वजन सगळ्या आसांवर, म्हणजे चाकांच्या जोड्यांवर, सारखं वाटलं पाहिजे, एका आसावर पाच टनांच्या वर जायचं नाही, मग हलके रूळसुद्धा पुरतात. हे सिद्ध करायला त्यानं १८९६ साली या गाडीच्या चाचण्या घेतल्या कुठं, तर लीड्सजवळ न्यूले इथं, जिथं मी आज बसनं सहज जाते. इंजिनं बांधली लीड्सच्याच किटसन कारखान्यानं. मग १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, आणि १९२७ ला मिरज. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. त्यामुळंच पुढं आमच्या मिरजेत एक काळ असा होता की ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज तिन्ही एकाच स्टेशनात होत्या, आणि माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत पाठीवर वाहून टाकणारी शेकडो हमालांची घरं त्यावर चालायची.

आता याच कॅलथ्रॉपनं इंग्लंडात स्टॅफर्डशरमध्ये एक लाईन बांधली, लीक अँड मॅनिफोल्ड, बार्शीच्याच मापाची. १९०४ ला सुरू, १९३४ ला बंद, आठ मैल जेमतेम. आज तिथं रुळांच्या जागी चालायची-सायकलीची वाट आहे, ह्यूम एंडच्या जुन्या स्टेशनात माहिती केंद्र आहे, कुठलं इंजिन होतं त्याचं नाव काय होतं सगळं लिहिलेलं. एका इंजिनाचं नाव ई. आर. कॅलथ्रॉपच होतं. तीस वर्षं चाललेल्या आठ मैलांची एवढी आठवण. आणि आमची मिरजेची नॅरोगेज ऐंशीच्या वर वर्षं चालली, २०१० च्या आसपास तिथं ब्रॉडगेज झालं, मी गेल्या खेपेला कवठेमहांकाळला उतरून हे कुठं लिहिलंय का बघत फिरले, मला तरी काही दिसलं नाही.

एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली तेव्हा सगळ्या देशातले कॅमेरे मिरजेत आले होते. पहिल्या गाडीला दहा टँकर, साधारण पाच लाख लिटर, नंतर पन्नास-पन्नास टँकरच्या गाड्या. त्या दिवसांत मी इकडं बातम्या लावून रडले आहे खरं सांगते. पण मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी-लातूर ही वाट म्हणजे मुळात बार्शी लाईटची वाट, दुष्काळी मुलखात हलकी, स्वस्त गाडी न्यायची म्हणून आखलेली, हे मी बघितलेल्या एकाही बातमीत कुणी बोललं नाही. हे बोलू शकली असती ती फक्त इंजिनांचे नंबर लिहिणारी पोरं, पण त्यांना विचारलं कुणी?

पोर्टिलोची भारतावरची मालिका २०१८ ला आली, अमृतसरहून शिमला, लखनौहून कोलकाता, म्हैसूरहून चेन्नई असं फिरला तो, आपल्याकडं आलाच नाही. ठीक आहे, त्यानं यावंच असं काही नाही. आपली मालिका आपणच करायची, मराठीत, आणि त्यात शेणोलीला उतरायचंच, जिथं ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवून लुटली. किर्लोस्करवाडीला उतरायचं, हे स्टेशन आधी कुंडल रोड होतं, १९१० ला शेजारी माळावर कारखाना उभा राहिला आणि स्टेशनाचं नावच बदललं. मिरजेत दर्ग्यात जायचं, तिथं किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, ते १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर गाडीत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरले आणि तिथंच फलाटावर वारले. रेल्वे, गाणं आणि मिरज एका जागी, यापेक्षा मोठी गोष्ट कुठल्या मालिकेला मिळणार आहे सांगा.

आमच्या रेल्वेवेड्यांकडं माझी तक्रार आहे ती एवढीच, की त्यांना इंजिनाचा वर्ग, शेड, नंबर, सगळं येतं पण ते इंजिन चालवणाऱ्या माणसाचं नाव बहुतेकदा माहीत नसतं. नॅरोगेजवरचे ड्रायव्हर, गार्ड, रूळ तपासणारे की-मन, सांधे बदलणारे पॉइंटमन यातले बरेच आता सत्तरी-ऐंशीत आहेत, मिरजेच्या रेल्वे कॉलनीच्या आसपास, कुर्डुवाडीत, पंढरपुरात घरं करून राहिलेत. त्यांच्याशी बोलायला कॅमेऱ्याची परवानगी लागत नाही, फोन पुरतो. पावसाळ्यात चढाला चाक घसरलं की काय करायचे, आषाढीला टपावर बसलेली माणसं कशी उतरवायचे, मिरजेत माल उतरून घ्यायला किती वेळ लागायचा, हे विचारायला हवंय आणि ते त्याच पोरांना विचारता येईल ज्यांना उत्तरातलं खरं-खोटं कळतं.

आत्तेभावाला मी हे फोनवर सांगितलं तर आधी म्हणाला, ताई मला माणसांशी बोलायला जमत नाही, मी इंजिनवाला. मग दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, आरगला एक रिटायर्ड गार्डकाका आहेत, शेजाऱ्यांच्या ओळखीतले, येत्या रविवारी या म्हणालेत. मी इकडं लीड्सच्या लायब्ररीत किटसनच्या कारखान्याचे आणि न्यूलेच्या चाचणीचे जुने फोटो मिळतात का ते बघते, मिळाले की त्याला पाठवते, काकांना दाखवायला.