म्हाताऱ्या अलार्मची सेवा कशी करावी

तुमच्या 2007 सालच्या सेकंडहँड हॅचबॅकमध्ये पहिल्या मालकाने नाना पेठेतून बसवून घेतलेला अलार्म अजून जिवंत असेल, तर तो काढून टाकायचा विचारही मनात आणू नका. इंजिन, क्लच, सस्पेन्शन यांची देखभाल कोणीही करतो. पण ज्याचं खोकं गेलंय, मॅन्युअल गेलंय आणि वायरिंगचा नकाशा ज्याच्या डोक्यात होता तो वायरमनही दुकान विकून गावी गेलाय, असा अलार्म सांभाळायला वेगळीच निष्ठा लागते.

सगळ्यात आधी एक पथ्य. बिघाड कुठे आहे ते शोधायचं नाही. शोधला तर सापडतो, आणि बहुतेक वेळा तो दाराच्या चौकटीतल्या एका फुटकळ स्विचमध्ये सापडतो. अर्ध्या तासात काम होतं. मग सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव निघायचं कसं?

सुरुवात रिमोटपासून करू. रिमोट दारापासून दोन हातांवर उभं राहिल्याशिवाय चालेनासा झाला की त्यातला सेल बदलायचा नाही. तो 12 व्होल्टचा, 23ए नावाचा, पेन्सिल सेलच्या अर्ध्या उंचीचा सेल कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडेही मिळतो, हे विसरून जा. त्याऐवजी बटण जास्त जोरात दाबा. अंगठ्याने भागत नसेल तर बॉलपेनच्या टोकाने दाबा. बटणाचं रबर फाटून आतली पांढरी टिकली दिसायला लागली की समजा, हात बसला. तरीही गाडी दाद देत नसेल तर रिमोट हनुवटीखाली धरून दाबा. लोक वळून बघतील, बघू देत. याने रेंज खरंच वाढते, कारण रिमोटच्या लहरींपुढे माणसाचं डोकं चक्क अँटेनासारखं वागतं. या अलार्मच्या बाबतीत डोक्याचा एवढा एकच उपयोग मालकाने आजवर करून घेतलेला असतो.

रिमोट खिशात किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवा, म्हणजे बसता-उठता बटण आपोआप दाबलं जातं. ज्या रिमोटमध्ये दर दाबाला कोड बदलतो, त्यात रिमोट पुढे निघून जातो आणि गाडीतला डबा, म्हणजे अलार्मचा मेंदू, मागे राहतो. फरक थोडा असेल तर डबा समजून घेतो. फार झाला की रुसतो, आणि मग बहुतेक वेळा बटण ओळीने दोनदा दाबलं की पुन्हा जुळतं. तुम्ही मात्र एकदाच दाबा, शिवी घाला, पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा एकदाच दाबा.

आता दाराचे स्विच. दार उघडलं की चौकटीतली रबरी टोपीची पिन बाहेर येते, वायरीला अर्थ (म्हणजे अर्थिंग, गाडीच्या पत्र्याशी जोड) लागतो आणि आतला दिवा पेटतो. अलार्मची वायर याच स्विचवर जोडलेली असते. सतरा-अठरा पावसाळे खाल्ल्यावर टोपी फाटते आणि पिनेवर गंज चढतो. मग बाहेर धो धो पाऊस, दारं चारी बंद, आणि डब्याला मात्र वाटतं की मागचं डावं दार उघडलं. आरडाओरडा सुरू. दार बंद असूनही आतला दिवा मधूनच मिणमिणत असेल, तर गाडी तुम्हाला पत्ता, पिनकोड सगळं सांगते आहे. तुम्ही दिव्याचा स्विच 'ऑफ'वर टाका. दिवा विझला, विषय संपला. स्विच उघडून पॉलिश पेपरने घासायचा, नवी टोपी चढवायची, असले भिकार उद्योग करू नका. बॉनेटखालच्या स्विचकडे तर बघूच नका. तो इंजिनच्या उष्णतेत आणि गाडी धुतानाच्या पाण्यात इतकी वर्षं एकटा उभा आहे, त्याला आता कशाला त्रास?

खबर देण्याची आणखी एक सोय बऱ्याच अलार्ममध्ये असते. लॉक करताना एकदा 'चिक', अनलॉक करताना दोनदा. आणि तुमच्या मागे अलार्म वाजून गेला असेल तर सकाळी अनलॉक करताना जास्त वेळा 'चिक' होतं. काही डबे डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याची उघडझाप करून कुठल्या कारणाने वाजलो तेही सांगतात. दार असेल तर इतक्या वेळा, धक्का असेल तर तितक्या वेळा. हा लाल दिवा तुम्ही गणपतीच्या मूर्तीमागे झाकून टाकला असेलच. नसेल तर आजच झाका.

स्विच उलट्या बाजूनेही बिघडतो आणि माझ्या मते खरी मजा तिथेच आहे. गंज इतका चढतो की दार उघडलं तरी अर्थ लागतच नाही. बऱ्याच अलार्मना सवय असते की अनलॉक केल्यावर अर्ध्या मिनिटात दार उघडलं नाही, तर चुकून बटण दाबलं गेलं असं समजून पुन्हा लॉक व्हायचं. आता तुम्ही मंडईत गाडी लावली, अनलॉक केली, दार उघडलं, किल्ली-रिमोटचा जुडगा सीटवर टाकला, दार लोटलं आणि भाजीच्या पिशव्या उचलायला वळलात. डब्याच्या दृष्टीने दार कधी उघडलंच नाही. 'चिक'. चारी दारं लॉक, किल्ली आत, कोथिंबीर बाहेर.

अशा वेळी घाबरू नका. किल्ली बनवणाऱ्याला बोलावू नका, तो ओळखपत्र वगैरे मागेल. समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून एक फुटी स्टीलची पट्टी आणा आणि काचेच्या रबरातून आत खुपसा. पट्टी लॉकच्या दांडीला लागायच्या आधीच धक्का ओळखणारा शॉक सेन्सर जागा होईल आणि सहा सुरांचा सायरन एकामागून एक सगळे सूर लावेल. तुम्ही शांतपणे काम चालू ठेवा. भर दुपारी, भर मंडईत, घामाघूम झालेला एक माणूस बंद गाडीच्या दारात पट्टी घालून खालवर करतोय, गाडी जिवाच्या आकांताने ओरडतेय, आणि एक माणूस थांबून विचारणार नाही की गाडी कोणाची. विचारलंच कोणी तर पार्किंगवाला विचारेल, तेही 'निघताय का?' एवढंच. एखादे काका थांबून पट्टी कुठल्या कोनात घालायची ते सांगतील. चुकून कोणी वीट आणून देऊ लागला तर नम्रपणे नको म्हणा.

या अनुभवावरून कोणी म्हणेल, की मग चोराविरुद्ध अलार्मचा उपयोग काय? अमेरिकेतल्या हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूट या विमा क्षेत्रातल्या संस्थेने 1997 साली सात कोटींहून जास्त गाड्यांची विम्याची आकडेवारी तपासून हाच प्रश्न विचारला होता. अलार्ममुळे चोरीच्या नुकसानीत एकंदरीत घट दिसत नाही, असं उत्तर आलं. पण ते अमेरिकेचं झालं. आपल्याकडच्या चोराला आवाजाचं काय वाटतं, हे त्याला पकडल्याशिवाय कसं कळणार?

शॉक सेन्सरचा उल्लेख आलाच आहे. डॅशबोर्डखाली, स्टीअरिंगच्या पायाशी काडेपेटीएवढी काळी डबी असते. तिच्यावर एक बारीक स्क्रू, तोच संवेदनशीलतेचा. बसवताना ती दुहेरी चिकटपट्टीने पत्र्याला चिकटवलेली होती. बऱ्याच उन्हाळ्यांनी त्या पट्टीचा गोंद वितळून खाली आला आणि आता डबी वायरीच्या आधाराने लोंबकळते आहे. म्हणजे धक्का गाडीला बसो की हवेला, ती झुलणारच. सहा वाजता पाण्याचा टँकर आला, वाजला. सायलेन्सर काढलेली बुलेट गेली, वाजला. शेजारच्या गल्लीत ढोलपथकाचा सराव सुरू झाला, मग तर ताशाच्या साथीला तुमचीही गाडी. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की आवारातल्या सगळ्या जुन्या अलार्मांची एकदम हजेरी लागते, आणि त्यात सगळ्यात शेवटी गप्प होणारा तुमचा, ही केवढी अभिमानाची गोष्ट.

नव्या चिकटपट्टीचा तुकडा लावून डबी पुन्हा पत्र्याला घट्ट बसवणं, काचा बंद करून लॉक करणं, अर्धा मिनिट थांबून तळहाताने गाडीच्या दारांमधल्या खांबावर थाप मारून बघणं आणि स्क्रू अगदी जरासा फिरवून पुन्हा थाप मारणं, हा उद्योग पंधरा-वीस मिनिटांचा आहे. तो टाळायचा सोपा उपाय म्हणजे स्क्रू एकदम शेवटापर्यंत पिळणे. कुठल्या बाजूला ते बघायची गरज नाही. एका टोकाला मांजर बॉनेटवरून चाललं तरी सायरन वाजतो, दुसऱ्या टोकाला क्रेनने गाडी उचलून नेली तरी शांतता.

आता रात्र. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात आवाजाची मर्यादा 45 डेसिबल. सायरनच्या खोक्यावर मात्र 110-120 डेसिबल असं मोठ्या अक्षरात, जाहिरात म्हणून छापलेलं असतं. अडीच वाजता तो सुरू झाला की लगेच खिडकीत येऊ नका. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो आपोआप थांबेल अशी आशा सगळ्यांनाच असते, आपण कशाला ती मोडा? दुसऱ्यांदा वाजला की पडदा बाजूला करून इतरांच्या गाड्यांकडे बघा. तिसऱ्यांदा वाजल्यावर वॉचमन बेल मारेल, तेव्हा दार उघडून 'कोणाची आहे हो?' असं तुम्हीच आधी विचारा. मग चौथ्या मजल्यावरून रिमोट हनुवटीला लावा. सेल संपलेला असल्यामुळे खाली जावंच लागेल. लेंग्यावर जाताना बनियन सुलट आहे ना, तेवढं बघा. काकू गॅलरीत आहेत.

खाली गेल्यावर बहुतेक लोक बॉनेट उघडून बॅटरीचं टर्मिनल काढतात. जरूर काढा. सायरनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असेल, तर मुख्य वीज तोडली की त्याची खात्रीच पटते की चोर आला, आणि मग तो गाडीच्या परवानगीची वाट न बघता स्वतःच्या हिमतीवर ओरडतो. तो बंद करायला बाजूला एक बारीक कुलूप असतं. त्याची चिमुकली किल्ली पहिल्या मालकाने एका डबीत जपून ठेवली होती. ती डबी कोणालाच आठवत नाही. गादी आणून सायरनवर टाकणे हा मार्ग उरतो. इंजिन गार असेल तरच.

गाडीची बॅटरी म्हातारी झाली की अलार्मच्या अंगात येतं. सेल्फ मारला की व्होल्टेज इतकं खाली बसतं की डब्याला झापड येते, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला आठवतं एवढंच की आपण पहारेकरी आहोत. तुम्ही ड्रायव्हिंग सीटवर, किल्ली फिरवलेली, आणि गाडी 'चोर चोर' करतेय. लोक अलार्मवाल्याकडे जातात. तुम्हीही जा. उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत आणि 12.2 दिसले तर ती निम्मी रिकामी आहे, हे सांगणारा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो घरात आणू नका, एकदा आणला की माणूस मोजायला लागतो.

वायरमनकडे जाताना मात्र जपून निवड करा. जो डॅश उघडून आधी फ्यूज, मग अर्थ, मग एकेक जोड तपासतो, तो आपल्या कामाचा नाही. आपल्याला हवा तो जो बघताक्षणी म्हणतो, 'साहेब, पूर्ण सिस्टिम गेली.' पहिल्या वायरमनने जोड पिळून काळ्या टेपने गुंडाळले होते, त्या टेपचा आता डिंक झालाय. हा त्याच्यावर नवी टेप गुंडाळील. शोरूमच्या हार्नेसमध्ये, म्हणजे गाडीच्या मूळ वायरींच्या जुडग्यात, दोन नव्या वायरी टोचेल. दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळीत तुटलेली वायर तशीच राहील, कारण ती बघायला नळी ओढावी लागते. पावसाळ्यात घुशी येतात त्यांनाही काही काम हवं, म्हणून लोंबत्या वायरी बांधायच्या नाहीत. वर तंबाखूची पानं ठेवा. घुशी खातात की नाही ठाऊक नाही, ड्रायव्हर लोक घेऊन जातात.

एक गोष्ट मात्र थट्टेत टाकून चालत नाही. काही अलार्ममध्ये चोराने गाडी नेऊ नये म्हणून इग्निशनच्याच वायरीत कट रिले, म्हणजे इंजिनची वीज तोडणारा स्विच, घातलेला असतो. त्याचा जोड सैल झाला की चालत्या गाडीचं इंजिन बंद पडतं, ब्रेक जड होतो, आणि पॉवर स्टीअरिंग असेल तर तेही. बोरघाटात मागे ट्रक असताना हे झालं की सायरनसुद्धा वाजत नाही. तेवढा रिले काढून मूळ वायर पक्की जोडून घ्या. ही एक दुरुस्ती केलीत तरी तुमच्या निष्ठेला कोणी नावं ठेवणार नाही, कारण बाकीचा गोंधळ जसाच्या तसा राहतो.

शेवटी गाडी विकायची वेळ येईल. जाहिरातीत 'सेंट्रल लॉक, सिक्युरिटी सिस्टिम, सगळं चालू' असं लिहा, ते खोटं नाही. गिऱ्हाईक दुपारी चारला बोलवा, तेव्हा टँकर नसतो आणि ढोलही नसतात. रिमोटमध्ये त्या दिवसापुरता नवा सेल टाका. दुसरा रिमोट कुठे आहे असं त्याने विचारलं, तर गावी आईकडे आहे, कुरिअर करतो म्हणून सांगा. पहिल्या मालकाने तुम्हालाही तेच सांगितलं होतं.