षट्कोनी जाळीचा दगड: तो मेसेज पुढे पाठवू नका

मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी असलेल्या दगडाचा फोटो आणि त्याखाली चार दावे, असा मेसेज फिरतोय. ही नक्षी म्हणजे समुद्रतळातल्या जुन्या बिळांची वालुकाश्मावर उरलेली खूण, म्हणजे एक जीवाश्म आहे. मेसेज आमच्या काकांपर्यंत पोचला आणि त्यांनी दगड धुवायला व्हिनेगर काढलं, म्हणून हे तातडीने लिहितोय.

आधी तेच. "दगड रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, नक्षी उजळते." अजिबात ठेवू नका! अशा वालुकाश्मात वाळूचे कण अनेकदा कॅल्साइटने, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाने, सांधलेले असतात आणि आम्लात कॅल्साइट विरघळतं. नक्षीचा उठाव बऱ्याचदा जेमतेम एक-दोन मिलिमीटर असतो. सकाळी भांड्याच्या तळाशी जी वाळू दिसेल, ती म्हणजेच ती नक्षी. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरतं. फोटो काढताना टॉर्च वरून न धरता बाजूने, जवळजवळ आडवा धरा. सावल्या पडल्या की जाळी आपोआप उठून दिसते. शेजारी मोजपट्टी ठेवा. थरातून दगड फोडून तर काढूच नका, कारण थराची खालची बाजू कोणती हे एकदा हरवलं की अर्धी माहिती गेली.

आणि इथेच दुसरा दावा कोसळतो: "नक्षी उठावाची आहे, म्हणजे यंत्राने छापलेली." साचा होता, पण चिखलाचा. पॅलिओडिक्टिऑन नावाची ही जाळी म्हणजे समुद्रतळाच्या चिखलात, पृष्ठभागाच्या अगदी खाली असलेली आडवी बिळं. उतारावरून वाळूमिश्रित गढूळ प्रवाह घसरत येतो, वरचा काही मिलिमीटर चिखल खरवडून नेतो, बिळं उघडी पडतात आणि त्यात लगेच वाळू भरते. पुढे वाळूचा दगड होतो, खालचा मऊ थर झिजून जातो, आणि वालुकाश्माच्या तळाला बिळांचा ठसा उठावात उरतो. नक्षी खालच्या बाजूला का, याचं उत्तर छापखान्याच्या कथेत कुठेच नाही. "अचूक षट्कोन" म्हणता, तर पट्टी लावून बघा: बाजू कमीजास्त भरतात, मधूनच पंचकोनही सापडतो.

"समुद्रातला दगड डोंगरात, म्हणजे महाप्रलय." भूखंडांच्या टकरीत समुद्रतळ वर उचलला जातो. शिवाय स्पेनमधल्या झुमायाच्या कड्यात असे थर एकावर एक शेकड्यांनी आहेत. दोन प्रवाहांच्या मधे चिखल साचायला निवांत काळ लागतो, खोल समुद्रात हजार वर्षांत काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. एकाच पुरात इतक्यांदा बिळं कोण खोदणार? हे प्रवाह खरे असतात, हे कॅनडाजवळच्या समुद्रातल्या 1929 च्या ग्रँड बँक्स भूकंपानंतर दिसलं: अटलांटिकच्या तळावरच्या तारायंत्राच्या केबली उताराच्या क्रमाने तुटत गेल्या, शेवटची तेरा तासांनी.

राहिला शेवटचा दावा: "प्राणी सापडलाच नाही, शास्त्रज्ञ लपवतात." पहिला अर्धा भाग खरा आहे, मान्य करावाच लागतो. सागरी भूवैज्ञानिक पीटर रोना यांना 1976 मध्ये मध्य-अटलांटिक पर्वतरांगेवर सुमारे साडेतीन किलोमीटर खोलीवर अशाच षट्कोनी रचनेत मांडलेली भोकं दिसली. पुढे त्यांनी आणि जीवाश्मतज्ज्ञ झाइलाखर यांनी ॲल्विन पाणबुडीतून नमुने आणवले. बिळांची जाळी मिळाली, प्राणी मिळाला नाही, आणि हे त्यांनी 2009 च्या शोधनिबंधात स्वतःच छापलं. यात लपवलं काय? सूक्ष्मजीवांची शेती करणारा एखादा कृमी, की झेनोफायोफोर हा मोठा एकपेशीय जीव, की स्पंज, हा वाद अजून चालू आहे. बिळांसारख्या खुणांच्या जीवाश्मांत नाव खुणेला दिलं जातं, ती करणाऱ्याला नाही, कारण वेगवेगळे प्राणी एकसारखं बीळ करू शकतात.