‘एका वेळी एकच प्रश्न धरा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

अमेरिकेतील पुरोगामी चळवळींविषयी एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. युद्ध, वर्णद्वेष आणि धनिकांची सत्ता हे तीन स्वतंत्र विषय आहेत. त्यांची सरमिसळ करणारे स्वतःच्याच चळवळीचे नुकसान करतात, युद्धकाळात देशाशी द्रोह करतात आणि अखेर त्यांच्या हाती काहीच लागत नाही, असा त्याचा आशय आहे.

विषय स्वतंत्र आहेत, हा पहिला दावा. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती होती, परंतु महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ती पुढे ढकलण्याची सवलत मिळत असे. म्हणजेच ज्यांच्या घरी उच्च शिक्षणाचा खर्च पेलण्याची ऐपत होती, त्यांना रणांगणापासून दूर राहणे सोपे होते. १९६६ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी ‘प्रोजेक्ट वन हंड्रेड थाउजंड’ ही योजना सुरू केली आणि भरतीच्या चाचणीत एरवी नापास ठरले असते अशा तरुणांनाही लष्करात घेतले जाऊ लागले. या योजनेतून तीन लाखांहून अधिक जण भरती झाले व त्यांतील सुमारे ४० टक्के कृष्णवर्णीय होते. देशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण तेव्हा जेमतेम ११ टक्के होते. गरिबी, वर्ण आणि युद्ध यांची सांगड सरकारी भरतीनेच घातली होती, आंदोलकांनी ती उघडपणे बोलून दाखवली.

मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार पाऊस चुकवण्यासाठी कचरागाडीच्या मागील भागात शिरले. कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघेही त्यात चिरडले गेले. त्यानंतर सुमारे १३०० कामगार संपावर गेले. पूर्णवेळ राबूनही त्यांच्यापैकी अनेकांना सरकारी मदतीवाचून भागत नव्हते. पगारवाढ आणि युनियनला मान्यता या त्यांच्या मागण्या होत्या आणि हातातील फलकांवर ‘मी माणूस आहे’ असे लिहिलेले होते. या संपातून वेतनाचा प्रश्न एका बाजूला आणि वर्णाचा दुसऱ्या बाजूला कोणी कसा काढणार?

चळवळीचे नुकसान होते, हा आक्षेपही जुनाच आहे. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी व्हिएतनाम युद्धाचा जाहीर निषेध केला, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ यांनी त्यांच्यावर टीका केली, आणि नागरी हक्कांच्या लढ्यातील जुन्याजाणत्या सहकाऱ्यांनीही त्यांची साथ सोडली. किंग यांचे म्हणणे मात्र अगदी नेमके होते: गरिबी निर्मूलनाच्या कार्यक्रमांसाठी लागणारा पैसा आणि मनुष्यबळ हे युद्ध ओढून घेत आहे, शिवाय सरकारच्या हिंसेविषयी गप्प राहून वस्त्यांमधील संतप्त तरुणांना अहिंसा शिकवता येत नाही. या भूमिकेची त्यांना जबर किंमत मोजावी लागली, हे मान्यच केले पाहिजे. पण एखादी भूमिका महागात पडली म्हणून ती चुकीची ठरत नाही.

देशद्रोहाचा आरोप मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामलगतच्या टॉन्किनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर दोनदा हल्ला झाल्याचे सांगून राष्ट्राध्यक्षांना लष्करी कारवाईचे व्यापक अधिकार देणारा ठराव आणला गेला. प्रतिनिधिगृहात विरोधात एकही मत पडले नाही. सिनेटमध्ये वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग या दोघांनीच विरोध केला. त्यांतील दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे सरकारच्याच गोपनीय कागदपत्रांतून स्पष्ट झाले. देशाशी प्रामाणिक कोण राहिले, याचा निवाडा त्या कागदांवरून करावा.

आता ‘हाती काहीच लागत नाही’ याविषयी. मेम्फिसच्या कामगारांना एप्रिल १९६८ मध्ये युनियनची मान्यता आणि पगारवाढ मिळाली, तीही किंग यांची त्याच शहरात हत्या झाल्यानंतर. सक्तीची भरती १९७३ मध्ये थांबली, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या युद्धाधिकारांना मर्यादा घालणारा कायदा निक्सन यांचा नकाराधिकार डावलून संमत झाला. याउलट १५ फेब्रुवारी २००३ रोजी जगभर निघालेल्या प्रचंड मोर्चांना इराकवरील आक्रमण रोखता आले नाही. तो पराभव होता, हे खरे. पण ज्या महासंहारक शस्त्रसाठ्यांचे कारण देऊन ते युद्ध पुकारले गेले, ते साठे इराकमध्ये सापडले नाहीत, हेही खरे आहे, आणि मोर्चांच्या अपयशाचा दाखला देणारे ही दुसरी गोष्ट नेमकी गाळतात.