मोफत मालकी

आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालणार नाही, हे आम्हाला कॉम्प्युटरनेच सांगितलं. टीपीएम २.० नावाची एक चिप लागते, ती त्याच्यात नाही. विंडोज १० चा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपलेला. म्हणजे यंत्र धडधाकट, पण कागदोपत्री निवृत्त. भाचा म्हणाला, "मामा, लिनक्स टाक ना त्याच्यावर. विंडोजसारखंच कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, पण फुकट आहे आणि जुन्या मशीनवर मस्त पळतं."

यातलं अक्षरन् अक्षर खरं निघालं, हे आधीच सांगून टाकतो. तक्रार लिनक्सबद्दल नाहीच. इतकी वर्षं कॉम्प्युटर हुकूम सोडायचा आणि मी 'ओके' दाबायचो. 'रीस्टार्ट करतोय' म्हणाला की माझं अर्धवट पत्र तसंच टाकून मी उठायचो. असा सुखाचा संसार चालू असताना अचानक कोणी तुम्हाला मालक करून टाकलं, तर काय होईल?

मालकाला पहिला प्रश्न आला: कोणतं लिनक्स? उबंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, आर्च, ओपनसुसे. लिनक्सच्या या तयार आवृत्त्यांना डिस्ट्रो म्हणतात आणि त्या शेकड्यांनी आहेत. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केलं, की मी एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय, केवळ हौस म्हणून, फार मोठं काही होणार नाही. त्याने लिहिला तो गाभा, म्हणजे कर्नल. भोवतीचं बरंचसं सामान रिचर्ड स्टॉलमनने १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आलं. कोड सगळ्यांना खुला, त्यामुळे ज्याला दुसऱ्याची मांडणी पटली नाही त्याने वेगळी चूल मांडली. डेबियनमधून २००४ साली उबंटू निघालं, उबंटूमधून २००६ साली मिंट निघालं आणि मग मिंटवाल्यांनी थेट डेबियनवर उभी केलेली एक आवृत्तीही काढली. नातू वडिलांना वगळून आजोबांकडे राहायला गेला, असं हे घराणं.

नवशिक्याने कुठली घ्यावी, असं जाणकारांना विचारलं, तर उत्तर एकच: "तुम्हाला काय हवंय त्यावर आहे." अहो, मला काय हवंय हे कोणीतरी सांगावं, एवढंच मला हवं होतं! डिस्ट्रो कशीबशी ठरवली, तर डेस्कटॉप, म्हणजे स्क्रीनवरची मांडणी, कुठला, हे पुन्हा आलंच. ग्नोम, केडीई, सिनॅमन, एक्सएफसीई. बटणं वर हवीत की खाली, यावरसुद्धा माझं काही मत असू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टीम एकाच फाइलीत, उतरवली. ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही, एका वेगळ्या प्रोग्रॅमने 'लिहावी' लागते. त्याआधी चेकसम, म्हणजे त्या फाइलचा जणू अंगठा, ताडून पाहायचा. चौसष्ट अक्षर-आकड्यांची ती माळ, एक मणी इकडचा तिकडे असेल तर फाइल बिघडलेली किंवा कोणीतरी बदललेली. पहिले चार आणि शेवटचे चार जुळले की मधल्यांवर विश्वास ठेवावा, असं माझं मत झालं आहे. सुरक्षेतले जाणकार या मताशी सहमत नाहीत.

मग पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं. त्यासाठी चालू होताना एक विशिष्ट बटण दाबावं लागतं. ते एफ२ असतं, एफ१२ असतं, एस्केप असतं किंवा डिलीट असतं. बनवणाऱ्याच्या मर्जीवर आहे. कुठलं ते स्क्रीनवर लिहून येतं, पण डोळ्याची पापणी लवेस्तोवर पुसलंही जातं. मी पेटी वाजवल्यासारखा वरच्या सगळ्या रांगेवरून बोटं फिरवत राहिलो आणि त्यातला कुठला तरी सूर लागला.

इथे मात्र मनापासून दाद द्यायला हवी. हार्ड डिस्कला हात न लावता अख्खी सिस्टीम पेनड्राइव्हवरून चालली. आवाज, स्क्रीन, माउस, सगळं जागच्या जागी. नव्हतं फक्त वायफाय. वायफायच्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्रॅम, वेगळा घ्यावा लागतो आणि तो इंटरनेटवर मिळतो. इंटरनेटसाठी वायफाय हवं. शेवटी मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचं नेट दिलं, तेव्हा ही गाठ सुटली.

पुढे पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या वाटण्यांचा, पडदा उघडला. एसडीए१, एसडीए२, एनटीएफएस, ईएक्सटी४, स्वॅप अशी रंगीत पट्टी आणि खाली पर्याय: विंडोजच्या शेजारी बसवा, किंवा सगळी डिस्क पुसून टाका. सगळ्या फोटोंचा बॅकअप मी घेतला होता, त्याचा आणखी एक बॅकअप घेतला होता, तरीही 'शेजारी' निवडताना बोट थरथरलं. बदल डिस्कवर लिहू का, असं त्याने विचारलं. मी भाच्याकडे पाहिलं. भाचा म्हणाला, "माझ्याकडे काय बघतोस? मशीन तुझं आहे." हीच तर अडचण होती! पुढचं इन्स्टॉलेशन मात्र चहा करून येईस्तोवर उरकलं. डिस्ट्रो निवडण्यात याच्या कितीतरी पट वेळ गेला होता.

टर्मिनलशी, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीशी, ओळख झाली. त्यात मालकाच्या अधिकाराने काही करायचं तर 'सूडो' लिहून आज्ञा द्यायची, मग ते पासवर्ड मागतं. टाइप करावं तर अक्षर दिसत नाही, चांदणी दिसत नाही, कर्सर जागचा हलत नाही. पाठीमागे कोणी उभं असेल तर पासवर्ड किती अक्षरी आहे हेदेखील त्याला कळू नये, म्हणून ही व्यवस्था. उत्तमच. फक्त पाठीमागच्याला जितकं कळत नव्हतं, तितकंच मलाही कळत नव्हतं. आणि 'आरएम' लिहून फाइल उडवली की उडाली. 'नक्की ना?' असं विचारणं नाही, रीसायकल बिन नाही. मालकाने विचार करूनच सांगितलं असणार, असं हे यंत्र खरोखर धरून चालतं. माझ्याबद्दल एवढा आदर आजवर कोणी दाखवलेला नाही.

परत विंडोजमध्ये गेलो, तर घड्याळ भलतंच. मदरबोर्डवरचं घड्याळ एकच. विंडोज त्यात स्थानिक वेळ आहे असं समजतं आणि लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ लिहून ठेवतं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. हिने स्क्रीनकडे पाहून विचारलं, "अहो, हे घड्याळ कुठल्या देशातलं?" एका ओळीची आज्ञा दिली आणि ते मायदेशी आलं.

राहिला प्रिंटर. ज्यांनी ज्यांनी लिनक्स टाकलं होतं त्या सगळ्यांनी प्रिंटरचं नाव काढताच सुस्कारा सोडला होता, म्हणून त्यासाठी मी अख्खा रविवार राखून ठेवला. सकाळी लवकर आंघोळ उरकली, वही-पेन घेऊन बसलो, केबल जोडली. 'प्रिंटर तयार आहे' असं एका कोपऱ्यात आलं आणि पान छापून बाहेर पडलं. ड्रायव्हर मागितला नाही, काही निवडायला सांगितलं नाही. उरलेल्या रविवाराचं काय करायचं, असं विचारणारी एक खिडकी तेवढी उघडायला हवी होती, तर नेमकी तीच उघडली नाही.